साडेसदुसष्ट मुलं

मी विंचवाला भीत नाही. आमच्या अंगणवाडीच्या सरपणात एकदा विंचू निघाला, तेव्हा सेविकाबाई खुर्चीवर चढल्या आणि मी चिमट्यात धरून तो बाहेर नेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाकून नमस्कार केला. मी पिसाळलेल्या बैलाला भीत नाही, निवडणुकीच्या दिवसांत दारावर येणाऱ्या पुढाऱ्यांना तर नाहीच नाही. मी भिते एका साध्या, सभ्य दिसणाऱ्या शब्दाला. तो शब्द म्हणजे 'समजा'.

गणिताच्या पुस्तकात शाब्दिक उदाहरण सोडवायला घेतलं की तो पहिला येऊन उभा राहतो. 'समजा, एकूण मुले x आहेत.' म्हणजे ज्याला कुणी पाहिलेलं नाही, ज्याचं नावगाव ठाऊक नाही, तो आहे असं धरून चालायचं. मग त्याचे हिस्से पाडायचे. तिसरा हिस्सा इकडं, दोन पंचमांश तिकडं. आणि तो बिचारा अजून सापडलेलाच नाही. या कारभाराची मला इतकी धास्ती बसली होती की, भाजीवाल्यानं नुसतं "समजा, मावशी, गवार पावशेर न घेता अर्धा किलो घेतली" असं म्हटलं तरी मी गवार तिथंच टाकून पुढं जायचे.

मी पाटोदा तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मदतनिसानं झाडलोट करायची, मुलं घरून गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची. सेविकेनं शिकवायचं आणि गोष्टी सांगायच्या. म्हणजे माझ्या वाट्याला पातेलं आणि त्यांच्या वाट्याला वाघ. सेविकाबाई तालुक्याला मीटिंगला गेल्या की मात्र मी पातेलं झाकून ठेवते आणि वाघ होते. कोल्हा होते, म्हातारी होते, भोपळासुद्धा होते. मुलं हसून हसून लोळतात. त्या परत आल्या की मी पुन्हा पातेल्याकडं.

दोन-तीन वर्षांत सेविकाबाई निवृत्त होणार होत्या. त्या जागेला बारावी लागते, बारावीच्या आधी दहावी लागते, आणि माझी शाळा सातवीला सुटलेली. वयाची पंचेचाळिशी उलटून गेली होती. तरी मी १७ नंबरचा फॉर्म भरला. मार्चला बाहेरून दहावीला बसले आणि सगळे विषय निघाले. मराठीच्या पेपरात तर मी पावसाळ्यातल्या सहलीवर असा काही निबंध लिहिला, की तपासणाऱ्याला छत्री घ्यावी लागली असेल. फक्त गणित राहिलं.

गणित राहिलं ही बातमी गावात माझ्या आधी पोचली. पारावर बसलेले म्हातारे विचारायला लागले, "काय बाई, किती कमी पडले?" आमच्या घरच्या मालकांनी तर जेवताना सांगून टाकलं, "आता हे सोड. वाघ व्हायला गणित कशाला लागतंय?"

त्यांना उत्तर दिलं ते सूनबाईनं. "लागतंय मामा. वाघानं खाल्लेल्या शेळ्या कोण मोजणार?"

माझी सून बीडची. बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी तिथल्या एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवायची. मुलगा मांजरसुंब्याच्या चौकात गाड्यांचं पंक्चर काढतो, दिवसभर तिकडंच असतो. त्यामुळं दुपारी अंगणवाडी सुटली की ओट्यावर मी आणि ती. आमच्या भागात सुना सासवांना भितात असं मी ऐकून आहे. आमच्या ओट्यावर उलटं होतं. ती खडू घेऊन फरशीवर बसली की माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. पाच वेळा पाणी प्यायला उठायचे. तिनं माठच ओट्यावर आणून ठेवला.

सुरुवातीला तिनं भाकरी घेतली होती. चार तुकडे केले. "आत्याबाई, यातला एक म्हणजे पाव. तो काढला. आता किती राहिलं?"

"पाऊण."

"बरोबर. मग त्या पाऊणाचा तिसरा हिस्सा काढला तर?"

मी बराच विचार केला आणि घाबरून एक तुकडा खाल्ला. भाकरीचा प्रयोग तिथंच बंद पडला.

मग फरशीवर x आला. त्याच्याशी माझं सूत जुळायला फार दिवस लागले. शेवटी मीच माझी वाट काढली. आमच्या बांधावर एक दगड आहे, कुणीतरी कधीतरी त्याला शेंदूर लावला, तेव्हापासून तो देव. आधी मानायचं आणि मग पावतो का ते बघायचं. x तसाच. मी मनातल्या मनात त्याला शेंदूर फासला, हात जोडले आणि म्हटलं, बाबा, तू आहेस असं धरते, आता शेवटच्या ओळीत दर्शन दे. सूनबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "चालंल. फक्त पेपरात शेंदूर लावू नका."

लसावि घेऊन छेद घालवायचे, x एका बाजूला न्यायचे, आकडे दुसऱ्या बाजूला. हळूहळू हात बसायला लागला. पण भीती जात नव्हती. तिनं माझ्या ओळखीचं काही घालायचं म्हणून एक उदाहरण रचलं. "एका ऊसतोड टोळीतले दोन तृतीयांश लोक ऊस तोडतायत. उरलेले पाच जण मोळ्या वाहतायत. तर टोळीत एकूण किती?"

मला एकदम हुरूप आला. टोळी म्हणजे माझंच अंगण. समजा टोळी x. दोन तृतीयांश गेले, राहिला तिसरा हिस्सा, तो पाच. म्हणून x बरोबर पंधरा. झरझर लिहिलं आणि खाली उत्तर ठोकलं: साडेसात.

सूनबाई खडू धरून बघतच राहिली. "पंधरा आलं ना? मग हे साडेसात कुठून आणलं?"

"पंधरा म्हंजी साडेसातच की."

"आत्याबाई, साडेसात माणसं?"

"माणसं न्हाई गं. कोयते."

एक कोयता म्हणजे जोडपं. नवरा आणि बायको मिळून एक. टोळी माणसांत कुणी मोजत नाही, कोयत्यांत मोजतात. आणि ज्याला जोडीदार नाही, तो अर्धा कोयता. हे बीडच्या पोरीला ऐकून ठाऊक होतं. पण ऐकलेलं वेगळं आणि मुकादमानं मोजताना समोर उभं असणं वेगळं.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई टोळीत जायची ती अर्धा कोयता म्हणून. कारखान्याकडं निघायच्या सकाळी मुकादम ट्रॅक्टरपाशी उभा राहून बोटांवर मोजायचा, "एक, दोन, तीन..." आणि साताला पोचला की आईकडं न बघताच म्हणायचा, "आन् अर्धा." सात कोयते आणि अर्धा. माझ्या आठवणीतली टोळी तेवढीच होती, आणि सुनेच्या उदाहरणात नेमकी तीच निघाली होती.

"मग दुसऱ्या अर्ध्याचं काम कोण करायचं?" सूनबाईनं विचारलं.

"तीच करायची. तोडायची बी तीच, मोळी बांधून डोक्यावर न्यायची बी तीच. मी पाचट ओढायची."

"तुमाला कशात मोजायचे?"

"मला न्हाई मोजायचे."

मग तिनं माझं साडेसात पुसलं नाही, त्याच्या शेजारी पंधरा लिहिलं. "हे बघा, पेपर तपासणारा कुठला असंल काय माहीत. त्याला अर्धा कोयता म्हंजी काय ते ठाऊक न्हाई. त्याच्या हिशोबात माणूस एक तरी असतो, न्हाई तर नसतो. तवा माणसांचं उत्तर अर्ध्यात आलं की थांबायचं. कुठंतरी मागं चुकलंय. खाली जायचं न्हाई, मागं जायचं."

"आन् मागं काय करू?"

"प्रश्न वाचायचा. परत. एकेक शब्द."

जुलैतल्या फेरपरीक्षेला केंद्र बीडला आलं. पाटोद्याहून मी आणि सूनबाई एस.टी.नं निघालो. मांजरसुंब्याला गाडी थांबली. मुलगा दुकानातून धावत आला आणि खिडकीतून चहा दिला. "आई, भिऊ नको," म्हणाला. मी अर्धा चहा त्याच्या शर्टवर सांडला.

शाळेच्या फाटकावर शिपायानं हात आडवा केला. "पालकांनी भायेर थांबायचं."

"मी पालक न्हाई," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की त्याला ऐकू गेला नाही.

सूनबाई पुढं झाली. "त्या परीक्षेला हायेत. पालक मी हाय."

शिपायानं माझं हॉल तिकीट उलटसुलट बघितलं, फोटो बघितला, मला बघितलं, आणि बाजूला झाला. मला वाटलं, त्यानं अडवलं असतं तर किती बरं झालं असतं. तशीच परतीच्या गाडीत बसले असते, आणि दोष त्याचा.

बाक माझ्यापेक्षा लहान होतं. गुडघे मावेनात, म्हणून मी थोडी तिरकी बसले. आजूबाजूला पोरीच पोरी. मागची एक कुजबुजली, "मावशी, तुमी पण?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मी तिसऱ्यांदा." तिचं हे वाक्य मला धीर देण्यासाठी होतं, पण माझी पाठ आणखी गार पडली.

पेपर हातात आला. पहिली पाच मिनिटं अक्षरं मुंग्यांसारखी चालत होती. मी डोळे मिटून माठ, ओटा आणि खडू आठवला, तेव्हा कुठं मुंग्या जागेवर बसल्या. सोपे होते ते सोडवले. काही सोडवले की सोडवल्यासारखे दिसले, ते मला सांगता येत नाही. एक आलेख काढला तो डोंगरासारखा निघाला. मनात गुणांचा हिशोब करत होते आणि हिशोब काठावर येऊन थांबत होता. शेवटचं शाब्दिक उदाहरण बरोबर आलं तर मी तरणार होते, नाही तर पुन्हा पातेलं.

त्या उदाहरणापर्यंत पोचले तेवढ्यात भरारी पथक आलं. दारात दोघं उभे राहिले आणि एक बाई रांगांतून फिरत फिरत थेट माझ्यापाशी आल्या. बहुधा माझ्या चेहऱ्यावर गुन्हा लिहिलेला असावा. "कमरेला काय आहे?"

त्यांनी कमरेची कापडी पिशवी काढायला लावली. त्यात माझी मिश्रीची डबी. बाईंनी डबी उघडली, नाकाजवळ नेली, आणि पुढच्या क्षणी अशा काही शिंकल्या की सगळा वर्ग उठून उभा राहिला. पुन्हा शिंकल्या. डोळे पुसत डबी माझ्या बाकावर ठेवून म्हणाल्या, "काकू, हे घासून गणित सुटत नाही." एरवी मी हा प्रसंग गावभर नाचून दाखवला असता, पुढं दाखवलाही. पण त्या वेळी मला हसू आलं नाही. माझा उजवा हात पेन धरायलाच तयार नव्हता. डाव्या हातानं बोटं वळवून पेन त्यात बसवावं लागलं.

उदाहरण असं होतं. एका शिबिरातली एक तृतीयांश मुलं मैदानावर खेळत होती. उरलेल्यांपैकी दोन पंचमांश मुलं चित्रं काढत होती. बाकीची अठरा मुलं गाणी म्हणत होती. तर शिबिरात एकूण मुलं किती?

समजा, x. तिसरा हिस्सा मैदानावर. दोन पंचमांश चित्रांना. अधिक अठरा. हे सगळं मिळून x. लसावि पंधरा. पाच आणि सहा, अकरा पंधरांश. राहिले चार पंधरांश, ते बरोबर अठरा. अठराला पंधरानं गुणून चारनं भागलं. भागाकार संपेना, संपेना, आणि संपला तो साडेसदुसष्टवर.

आणि काय सांगू, मला बरं वाटलं. अख्ख्या पेपरात हे एकच उत्तर ओळखीचं दिसलं. मुकादमाचा आवाज आला, सदुसष्ट, आन् अर्धा. मी 'उत्तर: साडेसदुसष्ट मुले' असं लिहिलंसुद्धा. खाली रेघ मारायला पट्टी ठेवली.

पट्टी तिथंच राहिली. अर्धं मूल.

ओट्यावरचा खडू आठवला. माणसांचं उत्तर अर्ध्यात आलं की थांबायचं. मी थांबले, आणि थांबल्याबरोबर मघाची सगळी भीती एकदम परत आली. कानात गुंई आवाज. पर्यवेक्षक म्हणाले, शेवटची दहा मिनिटं. मागच्या पोरीनं पुरवणी बांधायला दोरा मागितला.

खाली नाही, मागं. मी पहिल्या ओळीवर गेले. पण शब्द नुसते डोळ्यांवरून घसरत होते. मग मला जे येतं ते मी केलं. मी शिबिरच भरवलं. आमच्या अंगणवाडीतली पोरं आणून समोर बसवली, नाकं पुसून, रांगेत. तिसरा हिस्सा उठवला आणि सांगितलं, जा रे, मैदानावर. ती ओरडत पळाली. आता चित्रं काढायला कुणाला घेऊ? मी मागं वळून बघितलं, आणि मला माझी चूक दिसली. मी सगळ्यांचे दोन पंचमांश धरले होते. म्हणजे मैदानावर पळालेल्या पोरांना पुन्हा आत ओढून आणून, त्यांच्याही हातात खडू देऊन बसवलं होतं. एकच पोरगं इथंही आणि तिथंही. मग अर्धं होणार नाही तर काय.

प्रश्नात स्पष्ट लिहिलं होतं, उरलेल्यांपैकी. घाबरण्याच्या नादात मी तो शब्द वाचलाच नव्हता.

साडेसदुसष्टवर एक काट मारली. नवी ओळ. मैदानावर तिसरा हिस्सा गेला, म्हणजे उरले दोन तृतीयांश. त्या उरलेल्यांचे दोन पंचमांश, म्हणजे एकूण मुलांचे चार पंधरांश. मैदानावरचे पाच पंधरांश. दोन्ही मिळून नऊ. राहिले सहा पंधरांश, आणि ते अठरा. मग एक पंधरांश तीन. x बरोबर पंचेचाळीस.

मी त्या पंचेचाळिसाकडं बघत राहिले. शेपूट नाही, अर्धा नाही. पण माझा विश्वास बसेना, म्हणून ताळा करून बघितला. पंधरा जण मैदानावर पाठवले. तीस राहिले. बारांना खडू दिले. अठरा उरले, आणि ते सगळे मोठ्यानं गायला लागले. कुणी दोनदा मोजलं नव्हतं आणि कुणी मोजायचं राहिलं नव्हतं. घंटा झाली तेव्हा मी ताळ्याची शेवटची ओळ लिहीत होते. पर्यवेक्षकांनी पेपर माझ्या हातातून सोडवून घेतला असं म्हटलं तरी चालेल.

बाहेर सूनबाई लिंबाखाली उभी होती. तिला बघितल्यावर माझ्यातली भीती उतरली आणि माझा मूळचा वात्रटपणा परत आला.

"शेवटचं आलं का?" तिनं विचारलं.

"आलं की."

"उत्तर किती?"

"साडेसदुसष्ट मुलं."

तिनं पेपर कुणाकडून तरी बघितलेला होता. तिचा चेहरा असा पडला की मला माझीच दया आली. ती हळूच म्हणाली, "असू द्या आत्याबाई. परत बसू."

"थांब की. मग मी थांबले, मागं गेले, आन् पंचेचाळीस आलं."

तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डाग दोन आठवडे राहिला. सासूला चिमटा काढणारी सून आमच्या गावात ती पहिलीच असावी. मग रिक्षात बसल्यावर ती गुपचूप डोळे पुसत होती, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

निकाल लागायच्या दिवशी मी अंगणवाडीत खिचडी ढवळत होते आणि ती करपवली. सूनबाई मोबाईल घेऊन धावत आली. गणित काठावर निघालं होतं, अगदी काठावर, पण अलीकडं नाही, पलीकडं. संध्याकाळी मालक पारावर गेले आणि न विचारता सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या घरची पास झाली. वाघाला गणित लागतंय, मी आधीच म्हणलो होतो."

आता बारावी. सूनबाईनं सांगितलं, "कला शाखा घ्या, आत्याबाई. त्यात गणित न्हाईच."

मी म्हटलं, "न्हाई? मग मी भ्यायचं कुणाला?"

"मला भ्या की," ती म्हणाली, आणि इतिहासाचं पुस्तक समोर ठेवलं.

परवा सेविकाबाई मीटिंगला गेल्या. मी पातेलं झाकलं, पदर खोचला, मुलांना गोल बसवलं आणि सुरुवात केली, "समजा, एक वाघ होता."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. निघाल्याबरोबर तळव्यांना तोच जुना घाम.

पुढं बसलेल्या एका पोरीनं विचारलं, "कुठं होता?"

"अजून सापडला न्हाई," मी म्हटलं. "सरका जवळ. आपण शोधू."